खोरं कुठून आलं?

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला काम करणाऱ्या वकिलाला पक्षकाराचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. जामीन कधी होईल, हा दुसरा. पहिला असतो, "साहेब, तीनशे दोनचं तीनशे चार व्हईल का ओ?" विचारणाऱ्याने कायद्याचं पुस्तक कधी उघडलेलं नसतं. पण गावात, भावकीत, शेजारच्या वस्तीवर कुणाचं तरी तसं ‘झालेलं’ असतं आणि ते त्याच्या कानावर आलेलं असतं. ज्वारीचा भाव विचारावा तसा तो विचारतो. वाढवून मागितलंय, आता किती खाली येईल?

वास्तविक हे आकडे आता जुने झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालं, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाचं १०५. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडसंहितेनेच चालतात, आणि तसे खटले आमच्याकडे पुष्कळ आहेत. शिवाय आकड्यांची सवय सहजी सुटत नाही. नव्या गुन्ह्याची फिर्याद १०३ खाली लिहून झाल्यावर ठाणे अंमलदार शेजारच्याला सांगतो ते ‘तीनशे दोन घेतलंय’ असंच. मीही इथे जुनेच आकडे वापरणार आहे.

कायदा थोडक्यात असा. माणूस मेला आणि दुसऱ्या माणसाच्या कृतीने मेला, एवढ्याने काहीच ठरत नाही. कृती करणाऱ्याच्या मनात काय होतं, त्याला काय ठाऊक होतं, यावर सगळं. मृत्यू घडवण्याचा हेतू, मृत्यू घडेल अशी इजा करण्याचा हेतू, किंवा यातून मरण येऊ शकतं याची जाणीव, यांपैकी काहीतरी असलं की सदोष मनुष्यवध झाला. त्यातलाच जो सर्वांत गडद, तो खून. मग पाच अपवाद आहेत. एकाएकी झालेला गंभीर प्रक्षोभ, स्वसंरक्षणाची ओलांडलेली मर्यादा, अचानक जुंपलेली मारामारी वगैरे. त्यांतल्या एकात बसलं की तीच कृती खुनातून खाली उतरते. उतरली तरी तिथे पुन्हा दोन पायऱ्या आहेत. हेतू असेल तर ३०४ चा पहिला भाग, नुसती जाणीव असेल तर दुसरा. १९७६ साली न्यायमूर्ती सरकारिया यांनी आंध्रच्या पुन्नय्या खटल्यात या तीन पायऱ्या नीट मांडून दिल्या, तेव्हापासून प्रत्येक निकालपत्रात त्या येतात. मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेल्या या संहितेतली कलम २९९ आणि ३०० ही जोडी सर्वांत कच्ची, असं फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. सनद घेतल्यावर पहिली काही वर्षं मला ते अगदी पटायचं. आता तितकंसं पटत नाही. कलमं किचकट आहेत, पण बांधावर जे घडतं ते त्याहून किचकट असतं.

एका खटल्याबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सीना नदीच्या अलीकडचं गाव. दोन चुलतभाऊ, मधे सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. धाकट्याची पाळी होती म्हणून तो उसाला दारं धरत होता. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणं. हातात खोरं, खांद्याला अडकवलेली बॅटरी, पायांत काही नाही. थोरला आला. पाळी बारा वाजता संपली, मोटार अजून कशी चालू, असं म्हणाला. धाकटा म्हणाला, मधे दोन तास लाईट गेली होती, ते धरायचे नाहीत का? आईवरून शिव्या झाल्या. थोरल्याने पाटाचं दारं पायाने मोडलं, पाणी स्वतःच्या रानाकडे वळलं. झटापट झाली. खोरं एकदा डोक्यात बसलं. थोरला सिव्हिलमध्ये चौथ्या दिवशी गेला.

गुन्हा आधी ३०७ खाली, म्हणजे खुनाचा प्रयत्न म्हणून नोंदला होता. मृत्यूची खबर गेली आणि ३०२ लागलं. ‘कलम वाढवलं’ म्हणतात त्याला. आरोपीचे वडील माझ्याकडे आले ते मयताचे सख्खे चुलते. पुतण्याचं दहावं उरकून मुलासाठी वकील बघायला आलेले. खुर्चीवर बसले नाहीत. "मारायचं नव्हतं ओ त्याला," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते.

हे वाक्य प्रत्येक आरोपीचा बाप म्हणतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ते फारसं कामाचं नाही. तसं करून ठेवणारा न्यायाधीश आपल्याकडचाच, नागपूरचा. व्हिव्हियन बोस. आधी नागपूर उच्च न्यायालयात होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ साली विरसा सिंग खटल्यात त्यांच्यापुढे पंजाबातला एक भाल्याचा घाव आला. घाव एकच, पण पोटातून आतडी बाहेर आलेली. आरोपीला जीवच घ्यायचा होता असं म्हणता येत नव्हतं. बोस म्हणाले, तो प्रश्नच नाही. इजा कोणती झाली ते सिद्ध करा. तीच इजा करायचा हेतू होता का, की हात चुकून, घसरून, भलतीकडे लागला, ते बघा. तिथवर आलात की पुढचं आरोपीच्या मनावर अवलंबून नाही. ती इजा निसर्गक्रमाने मरण आणायला पुरेशी होती का, हे डॉक्टर सांगेल. पुरेशी असेल तर खून. मी भाला मुद्दाम पोटात मारला खरा, पण तो मरेल असं वाटलं नव्हतं, ही सबब चालणार नाही.

यामुळे अशा खटल्यात सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार नेत्रसाक्षी नसतो, शवविच्छेदन करणारा डॉक्टर असतो. नव्या वकिलांना हे उशिरा कळतं. ते नेत्रसाक्षीदाराच्या उलटतपासावर रात्र जागवतात आणि डॉक्टर पिंजऱ्यात आला की पाच मिनिटांत खाली बसतात. आमच्याकडे शवविच्छेदन अहवालाचा छापील नमुना आहे. कॉलम सतरामध्ये अंगावरच्या जखमा, एकोणिसात डोक्याच्या आतली स्थिती. मी फाईल हातात आली की फिर्यादीच्या आधी कॉलम सतरा उघडतो.

या खटल्यात तिथे एकच जखम होती. डाव्या कानाच्या वर, कडा फाटलेल्या, चेचलेल्या. कापलेली नव्हे. आतमध्ये कवटीला तडा आणि मेंदूवर रक्ताची गाठ. बाकी अंगावर दोन खरचटल्याच्या खुणा, झटापटीत येतात तशा.

डॉक्टर सिव्हिलचे, तरुण, कामाला पक्के. सरकारी वकिलांनी त्यांना खोरं दाखवलं. मुद्देमाल म्हणून सील केलेलं ते खोरं कागदातून काढलं तेव्हा पात्यावर वाळलेल्या काळ्या मातीचे पापुद्रे होते आणि ते न्यायाधीशांच्या मेजासमोर पडले. शिपायाने ते हाताने गोळा करून पुन्हा कागदात ठेवले, कारण मुद्देमालातलं काही सांडायचं नसतं. या हत्याराने ही जखम होऊ शकते का? हो. ती मृत्यू आणायला पुरेशी होती का? हो. सरकारी वकील बसले.

मी खोरं पुन्हा मागून घेतलं. पात्याची धार डॉक्टरांना बोट लावून बघायला सांगितली. पाणी वळवणाऱ्याचं खोरं रोज मातीत चालतं, कडा घासून पातळ झालेली असते. अशा कडेने जोरात मारलं तर जखम कशी दिसेल? कापल्यासारखी. ही तशी आहे का? नाही. मग खोऱ्याचा कोणता भाग लागला असेल? डॉक्टरांनी ते हातात उलटसुलट फिरवलं, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, मागची बाजू, दांडा बसवलेली. धार समोर असलेलं अवजार उलटं करून लागलं, यावरून मारणाऱ्याच्या मनाबद्दल काय समजायचं, हे मी विचारलं नाही. तो डॉक्टरांचा प्रांत नव्हता. ते माझ्या युक्तिवादात यायचं होतं.

खरा झगडा दुसरीकडेच झाला. खोरं कुठून आलं?

मयताचा मुलगा फिर्यादी होता. रात्री दोनच्या सुमारास ठाण्यात दिलेल्या फिर्यादीत त्याने म्हटलं होतं की बाचाबाची झाली आणि चुलत्याने हातातलं खोरं डोक्यात मारलं. कोर्टात साक्षीला उभा राहिला तेव्हा गोष्ट वाढली होती. भांडण झालं, चुलता वस्तीवर गेला, आतून खोरं घेऊन परत आला आणि मारलं. मधे दहा मिनिटं.

या दहा मिनिटांवर अख्खा खटला उभा होता. अचानक जुंपलेल्या भांडणाचा अपवाद मागायचा तर पूर्वतयारी नसावी लागते, रागाच्या भरात घडलेलं असावं लागतं आणि क्रौर्य किंवा गैरफायदा नसावा लागतो. घरी जाऊन हत्यार घेऊन आलेला माणूस पहिल्याच अटीवर बाद होतो. याचं देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईचं आहे. नौदल अधिकारी कावस नानावटी. २७ एप्रिल १९५९ रोजी बायकोने प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन भलतं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग आहुजाचं घर गाठलं. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी सोडलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानेही खूनच कायम केला. प्रक्षोभ आणि गोळी यांच्यात तीन तासांचं अंतर होतं आणि त्या तीन तासांत माणूस व्यवहार करत होता. राग उतरायला, विचार करायला वेळ मिळाला होता. आहुजा, नानावटी, मलबार हिल यांच्यावर सिनेमे निघाले. आमच्या खटल्यात उसाचा फड होता आणि तीन तासांऐवजी दहा मिनिटं. प्रश्न तोच.

उत्तर पंचनाम्यात सापडलं. घटनास्थळाचा पंचनामा एका जुन्या हवालदाराने लिहिला होता. आठवी-नववीपर्यंत शिकलेला असावा, पण डोळस माणूस. लिहिलं होतं: पाटाचं दारं फुटलेलं, ताजं, पूर्वेकडच्या चार सऱ्या भिजलेल्या, पाचवी अर्धी, पाचव्या सरीच्या तोंडाशी खोऱ्याने ओढलेली ओली माती, चपलेचा जोड बांधावर. पाचवी सरी अर्धी भिजलेली असेल तर माणूस काम करत होता. खोरं हातातच होतं. विहिरीवरची मोटार चालू असताना दारं धरणारा खोरं घरी ठेवून येत नाही, हे न्यायाधीशांना समजावायला मला फार बोलावं लागलं नाही. ते स्वतः शेतकरी घरातले होते.

मुलाला वकिलांनी शिकवलं होतं की भावकीने, मला ठाऊक नाही. पण असं जवळजवळ दरवेळी होतं आणि मला त्याची चीड आहे. फिर्याद वाढवण्याची ही सवय. एकाने एक काठी मारली तर फिर्यादीत पाच जण येतात. एकाने धरलं, दुसऱ्याने चिथावलं, आरोपीची म्हातारी आई ‘सोडू नका त्याला’ म्हणाली. सगळं घर आत जावं म्हणून. मग खटल्यात ते सगळं सुटत जातं, आणि सुटताना खऱ्या गोष्टीलाही सोबत घेऊन जातं. बचावाचा वकील म्हणून मला त्याचा फायदा झालेला आहे, वारंवार. तरी सांगतो, जे झालं तेवढंच सांगितलं असतं तर अनेक विधवांना अधिक न्याय मिळाला असता.

आणखी एक समज पक्का आहे. चौथ्या दिवशी गेला ना, मग डॉक्टरांनी नीट बघितलं नाही, आमच्या पोराचा काय दोष? कायद्यात यावर स्पष्ट उत्तर आहे. इजेमुळे मृत्यू आला असेल तर, योग्य उपचाराने तो टळला असता, हा बचाव होत नाही. आरोपीच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते एकदम गप्प झाले. बहुतेक गावात कुणीतरी त्यांना तीच आशा दाखवली होती.

मी नेहमी बचावालाच उभा असतो असं नाही. एका प्रकरणात मयताच्या बायकोतर्फे सरकारी वकिलांना मदत करत होतो. कारणही तसंच, बांधाचं. तिला मी सांगत होतो की आरोपीने हत्यार बरोबर आणलं होतं की तिथलंच उचललं, यावर शिक्षा ठरेल. तिने पदर सावरला आणि विचारलं, "भाऊ, कुऱ्हाड त्यानं घरनं आणली का रानातलीच घेतली, त्यानं माझ्या लेकरांला काय फरक पडतो?" तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फरक तिच्या लेकरांना नाही पडत. फरक पडतो आरोपीला, आणि कायदा शिक्षा आरोपीच्या मनाला देतो, मयताच्या नुकसानाला नाही. हे मी तिला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

तिच्यासारखीच मला गोविंदाच्या खटल्यातली मुलगी आठवते. १८७६ सालचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारून पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. केम्बॉल आणि नानाभाई हरिदास या दोन न्यायाधीशांचं जमलं नाही म्हणून प्रकरण मेल्विल यांच्याकडे गेलं. त्यांनी कलम २९९ आणि ३०० शेजारी शेजारी मांडून ठरवलं की मरणाची नुसती शक्यता आणि मरणाला पुरेशी इजा यांत अंतर आहे, आणि हा खून नव्हे. दीडशे वर्षं आम्ही सगळे त्या मांडणीवर जगतो आहोत. खटला ओळखला जातो मारणाऱ्याच्या नावाने.

या रेषेच्या खालच्या टोकाला रस्ते आहेत. पुणे-हैदराबाद महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे निष्काळजीपणाने मृत्यू, जुनं ३०४-अ, याची प्रकरणं रोजची. तिथे हेतूही नाही, जाणीवही नाही, फक्त हयगय. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती, नव्या कायद्यात पाच केली. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांची तरतूदही केली, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालक रस्त्यावर आले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ते पोटकलम अमलात आणलंच नाही. इंग्लंडमध्ये रागाच्या भरातला आणि घोर हयगयीचा, दोन्ही मृत्यू एकाच गुन्ह्याच्या नावाखाली बसतात. आपण ते वेगळे ठेवले, आणि बरं केलं. मात्र मधली भिंत पक्की नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. सत्र न्यायालयाने हयगय धरली, सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दारू पिऊन एवढ्या वेगाने गाडी हाकणाऱ्याला काय होऊ शकतं याची जाणीव असतेच. हे ३०४ चा दुसरा भाग. शिक्षा तरी तीनच वर्षं.

आमच्या खटल्याचा निकाल ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली लागला. एक घाव, उलट बाजूने, हातातल्या अवजाराने, अचानक झालेल्या भांडणात. पण डोक्यावर, आणि डोक्यावर खोरं मारल्यावर काय होतं हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. सात वर्षं सक्तमजुरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तमिळनाडूच्या अन्बळगन खटल्यात अगदी अशाच तऱ्हेच्या शेतातल्या भांडणात, शेतीच्याच अवजाराच्या घावासाठी, पहिल्या भागातून दुसऱ्या भागात आणलं, ते वाचताना मला आमची पाचवी सरी दिसली.

तोच खटला नव्या कायद्याखाली आणि पहिल्या भागात गेला असता तर किमान पाच वर्षं द्यावीच लागली असती. ही किमान शिक्षा नव्याने आली आहे आणि मला ती पसंत नाही. ज्या गुन्ह्यात खोऱ्याची कोणती बाजू लागली हे बघून न्याय करायचा, तिथे न्यायाधीशाचे हात अगोदर बांधू नयेत.

आरोपी शिक्षा भोगून आला. विहीर अजून सामाईकच आहे. पाळ्या ठरवून मिळाव्यात आणि बांधाची मोजणी व्हावी म्हणून मयताच्या वडिलांनी घटनेच्या आधीच दिवाणी दावा लावला होता. दोन्ही बाजूंचे वारस रेकॉर्डवर घेऊन तो तालुक्याच्या कोर्टात अजून चालू आहे. मोजणीदाराचा नकाशा आला, त्याला हरकत घेतली आहे, पुढची तारीख त्या हरकतीच्या सुनावणीची.